सापळा भरला म्हणजे आंबा वाचला?

आंबेनळी घाटाखालच्या पोलादपूर-महाड पट्ट्यात आंबा दक्षिण कोकणापेक्षा उशिरा तयार होतो. वळवाचा पाऊस पडू लागतो तेव्हा बरीच फळे अजून झाडावरच असतात, आणि फळमाशीला हाच काळ मानवतो. म्हणून बागेत गंधसापळे टांगले जातात आणि डबा माश्यांनी भरला की आंबा वाचला, असे समजले जाते. पण त्या डब्यात मेलेल्या माश्या जवळपास सगळ्या नर असतात. सापळ्यातले मिथाईल युजेनॉल हे आमिष नरांनाच ओढते. पुसा येथे काम करणाऱ्या हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने 1915 मध्येच हे नोंदवले होते. नुकसान करते ती मादी. ती सालीला टोचून आत अंडी घालते. वर टाचणीच्या टोकाएवढा डाग आणि चिकाचा थेंब दिसतो, तोवर आत अळ्या गर पोखरू लागलेल्या असतात.

मग नर मारून काय साधते? नर उरलेच नाहीत, तर माद्यांची अंडी फळत नाहीत. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे निम्मे नर मारून भागत नाही. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर 1960 च्या दशकात याच पद्धतीने फळमाशीचे निर्मूलन झाले, कारण अख्खे बेट एकदम हाती घेतले होते. एकट्याच्या बागेत शेजारून फळलेली मादी येतच राहते. सापळ्यामुळे शेजारच्या माश्या आपल्याकडे येतात, ही तक्रारही साफ खोटी नाही. पण येतात ते नर, आणि नर फळाला टोचत नाहीत. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा हेक्टरी 4 या हिशेबाने सगळ्या वाडीने लावला, तरच त्याचे चीज होते.

सापळ्याचे विष आंब्यात उतरते, ही भीतीही निराधार आहे. आमिष आणि कीटकनाशक डब्यातच राहतात, फळाला लागत नाहीत. उलट फवारणीचे औषध सालीआडच्या अळीपर्यंत नीट पोचत नाही. आत लपलेली ही अळी निर्यातीलाही नडते: मे 2014 मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली होती, ती फळमाशीमुळेच. मात्र सापळे लावूनही गळलेला आंबा झाडाखाली सडत राहिला, तर त्यातल्या अळ्या मातीत कोष करतात आणि नवी पिढी बाहेर पडते. म्हणून फळ पक्व होण्याआधी सापळे टांगावेत, आमिष वेळेवर बदलावे, गळ वेचून खोल पुरावी. यातले एकही काम फार खर्चाचे नाही. अवघड आहे ते साऱ्या वाडीने एकाच वेळी करणे, आणि आंबा वाचतो तो त्यामुळेच.