आजोबांची तबकडी, नातवाचा स्पीकर

मुलांनो, तुमच्या घरी माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत काळ्या, गोल तबकड्यांचा गठ्ठा आहे का? घरी नसेल, तर आजोळी चौकशी करा. नाट्यगीतं, अभंग, भावगीतं असा मोठा खजिना या तबकड्यांत बंद आहे. त्यातली काही गाणी तर मोबाइलवर शोधूनही सापडत नाहीत.

समजा, बाबांनी हौसेनं नवा रेकॉर्डप्लेअर, म्हणजेच टर्नटेबल आणलं. घरातल्या होम थिएटरला त्याची वायर जोडली, आणि आवाज आला तो डासाच्या गुणगुणण्याएवढा! ‘बिघडलंय’ म्हणून सगळं पुन्हा माळ्यावर जातं. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. मग घोळ होतो कुठे?

चला, आधी एक गंमत करू. तबकडी फिरू द्या, सुई अलगद टेकवा आणि स्पीकर पूर्ण बंद ठेवा. आता कान सुईजवळ न्या, पण हात लावू नका हं! बारीक आवाजात गाणं ऐकू येईल. तबकडीवर नागमोडी खाच असते. तिच्यातून जाताना सुई थरथरते. सुईमागच्या इवल्याशा डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, लोहचुंबक आणि तारेची वेटोळी असतात. चुंबक हलला की तारेत वीज निर्माण होते.

पण ही वीज किती? एका व्होल्टचे हजार भाग केले, तर त्यातले जेमतेम चार-पाच! घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. म्हणजे सुईची वीज त्याच्या तीनशेव्या हिश्शाएवढी. होम थिएटरच्या ‘ऑक्स’ खाचेला याच्या कितीतरी पट वीज लागते. मग आवाज मोठा येणार कसा?

दुसरीही एक गोष्ट आहे. तबकडी कापताना ढोल-तबल्यासारखे खर्जातले आवाज मुद्दाम कमी करतात. तसं केलं नाही, तर खाच फार रुंद होईल आणि तबकडीवर गाणी कमी मावतील. उंच, बारीक आवाज मात्र मुद्दाम वाढवतात. वाजवताना ते पुन्हा खाली आणले, की त्याबरोबर तबकडीची खरखरही दबते. किती कमी, किती जास्त याचं एक प्रमाण अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेनं १९५४ मध्ये ठरवलं. पुढे ते जगभर रूढ झालं.

म्हणून मध्ये एक मध्यस्थ लागतो. त्याचं नाव ‘फोनो प्रीॲम्प्लिफायर’. तो वीज वाढवतो आणि कमी-जास्त केलेले आवाज पुन्हा जागेवर आणतो. काही ॲम्प्लिफायरला ‘फोनो’ लिहिलेली खाच असते, म्हणजे मध्यस्थ आतच आहे. कित्येक नव्या टर्नटेबलमध्येही तो असतो आणि मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं बटण असतं. साध्या ऑक्स खाचेत जोडायचं असेल, तर बटण ‘लाइन’वर ठेवा. दोन्हीकडे मध्यस्थ असतील, तर एकच वापरा. नाहीतर आवाज फाटलाच म्हणून समजा!

आता जोडणी. ती मोठ्या माणसांना सोबत घेऊनच करा. आधी सगळी उपकरणं बंद करा आणि आवाजाचं बटण शून्यावर आणा. लाल पिन उजव्या बाजूची, पांढरी डाव्या बाजूची. सोबत एक बारीक सुटी वायर असेल, तर ती ॲम्प्लिफायरच्या किंवा प्रीॲम्प्लिफायरच्या ‘ग्राउंड’ स्क्रूला बांधा. ती राहिली, तर बहुधा गाण्यामागे सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवू नका. स्पीकरच्या हादऱ्यानं सुईही हलते आणि घुमल्यासारखा विचित्र आवाज सुरू होतो.

चावीच्या ग्रामोफोनला मात्र वायर शोधू नका बरं! तिथे सुईची थरथर एका पातळ पडद्याला हलवते आणि आवाज थेट बाहेर पडतो. विजेचा संबंधच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तबकडी कोणती आहे ते आधी पाहा. १९४८ मध्ये आलेली एलपी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते. त्याहून जुनी, लाखेची जड तबकडी ७८ फेरे घेते. तिची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, म्हणून तिला वेगळी, जाड सुई लागते. ती सुई एलपीवर टेकवली, तर खाच खरवडली जाते. झिजलेली सुईही तेच करते. आणि खरवडलेली खाच पुन्हा भरून येत नाही. त्या जागेवरचं गाणं कायमचं गेलं!

पुसतानाही जपा. सुतारकाका लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात, ते पाहिलंय ना? मग लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावलं तर काय होईल, ते तुम्हीच सांगा! कोरड्या, मऊ ब्रशनं धूळ झटका. तबकडी कडेनं धरा आणि उभीच ठेवा.

तर येत्या रविवारी एक काम करा. वहीत तक्ता आखा आणि घरातल्या प्रत्येक तबकडीवरचं गाण्याचं नाव, गायकाचं नाव आणि क्रमांक उतरवून घ्या. मग पहिली कोणती लावायची, ते आजी-आजोबांना ठरवू द्या!