थंडीत गाडी धरत नाही? आधी हीटर प्लग तपासा



गळीत हंगाम आणि थंडी जोडीनेच येतात. पहाटे तोडीची टोळी फडात पोहोचलेली असते आणि मालकाची डिझेल मोटार अजून अंगणातच खोकत असते. पाच-सहा वेळा सेल्फ मारला की बॅटरी बसते, मग चार माणसे गोळा करून धक्का! दुपारी मात्र तीच गाडी एका सेल्फला चालू होते. शेतकी खात्याच्या कामासाठी गावोगाव हिंडताना हे चित्र आम्ही नेहमी पाहतो. दोष बॅटरीवर ढकलून नवी आणली जाते, आणि आठ दिवसांनी पुन्हा धक्का. पान पिवळे दिसले की युरिया टाकायचा, तसेच हे झाले. चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता असेल तर युरियाने पान हिरवे होत नाही. रोग ओळखावा, मगच औषध आणावे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली चालवून दाखविलेल्या इंजिनाचे तत्त्व हेच, की हवा जोराने दाबली की ती तापते आणि तीत डिझेल सोडले की ते पेटते. पण इंजिन गार असेल तर हेडचे थंड लोखंड ती उष्णता शोषून घेते. ज्या इंजिनात डिझेल आधी लहान कोठडीत पेटते, तेथे ही अडचण जास्त. जुन्या ॲम्बॅसिडरचे १४८९ सीसीचे आणि १९९८ साली आलेल्या इंडिकाचे १४०५ सीसीचे डिझेल इंजिन या जातीचे. या कोठडीत हीटर प्लगचे टोक लालबुंद होऊन पहिला जाळ धरायला मदत करते. मेस्त्री याला ग्लो प्लग असेही म्हणतात. आपल्या पुष्कळ ट्रॅक्टरांत डिझेल थेट पिस्टनवर सोडले जाते व असे प्लग नसतात. तेथे ते शोधत बसू नये.

लक्षणे अशी. पहाटे गाडी उशिरा धरते, चालू झाल्यावर एखादा सिलिंडर चुकल्यासारखी हलते, पांढरट धूर सोडते आणि थोड्या वेळाने सुधारते. तापलेली गाडीही धरत नसेल, तर डिझेल फिल्टर, लाइनमधील हवा किंवा कॉम्प्रेशन पाहावे. सेल्फच मंद फिरत असेल, तर बॅटरी व तिची टोके आधी पाहावीत.

तपासणी घरी करता येते :

(१) गार इंजिनवर चावी हीटरवर ठेवा. प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर १२ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचे एक टोक आणि इंजिनच्या लोखंडावर दुसरे लावा. दिवा लागला नाही तर फ्यूज, रिले किंवा तार बिघडली आहे. प्लग विकत आणू नका.

(२) दिवा लागला तर चावी बंद करून पट्टी काढा. आता टेस्ट लॅम्प बॅटरीच्या धन टोकाला जोडून दुसरे टोक एकेका प्लगला लावा. ज्यावर दिवा लागत नाही, तो प्लग मेला.

(३) मीटर असल्यास प्लगचे टोक व लोखंड यांमध्ये मोजा. १२ व्होल्टचा चांगला प्लग गार असताना साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवितो.

नव्या कॉमन रेल गाड्यांत कॉम्प्युटरवर चालणारे कमी व्होल्टचे प्लग असू शकतात. त्यांना बॅटरीचे १२ व्होल्ट थेट देऊ नयेत, जळतात.

खरा धोका प्लग काढताना असतो. वर्षानुवर्षांच्या काजळीने तो हेडमध्ये घट्ट बसलेला असतो. जोर केला की मोडतो, आणि मग हेड उतरविण्याची पाळी येते. म्हणून आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल टाकावे. सकाळी इंजिन गरम करून बंद करावे, बॅटरीचे ऋण टोक सोडावे, आणि डीप सॉकेटने थोडे पुढे, थोडे मागे करीत सावकाश फिरवावे. अडला तर थांबावे, पुन्हा तेल टाकावे. नवा प्लग बसविण्यापूर्वी भोकातील काजळी साफ करावी. प्लग त्याच नंबरचा घ्यावा, आधी हाताने आटे धरावेत व शेवटी पुस्तकात दिलेल्या टॉर्कइतकाच आवळावा.

एक मेला तर चारही बदलावेत का? बरोबरीने बसविलेले असतील तर होय. बाकीचेही म्हातारेच असतात. मात्र काढलेल्या प्लगचे टोक वितळलेले दिसले तर नुसता प्लग बदलून भागणार नाही. इंजेक्टर गळतो काय किंवा टायमिंग चुकले काय, हे मेस्त्रीकडून पाहून घ्यावे.

आणखी एक. एअर फिल्टरपाशी पेटता बोळा धरणे किंवा हीटर चालू असताना ईथरचा स्प्रे मारणे कृपया बंद करावे. ईथर अवेळी पेटतो, पिस्टन फुटू शकतो, हात-तोंड भाजते ते वेगळेच.

दिवाळीच्या सुमारास, तोडीची धांदल सुरू होण्यापूर्वी, ही तपासणी उरकून घ्यावी. ऐन तोडीत गाडी उभी राहिली तर टोळी थांबते, तोडलेला ऊस वाळतो आणि वजनात घट येते ती आपल्याच खात्यात.