सातव्या दिवसानंतर

रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या माणसाला पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, खिशातून पैसा न काढता उपचार मिळावेत अशी योजना केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये लागू केली. धाराशिव जिल्ह्याला तिची गरज होतीच. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळा करत बीडकडे जाणारा एक महामार्ग आणि नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादला जाणारा दुसरा, असे दोन रहदारीचे रस्ते या जिल्ह्यातून जातात, आणि गाळपाच्या हंगामात त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. शिवाय सगळे अपघात रस्त्यावर होत नाहीत. विहिरीच्या कामावर दोर निसटतो, चिंच झोडताना फांदी मोडते, उन्हाळ्यात माळवदावर झोपलेला माणूस अंधारात कडेवरून खाली येतो. मणका मोडतो किंवा डोक्याला मार लागतो. सोलापूर, लातूर नाहीतर पुण्याला नेऊन ऑपरेशन होतं, स्क्रू-पट्ट्या बसतात, जीव वाचतो. आणि मग एके दिवशी तोच माणूस लघवीची नळी आणि पिशवी लावलेल्या अवस्थेत ॲम्ब्युलन्समधून गावी येतो आणि ओसरीतल्या बाजेवर निजवला जातो. डॉक्टरांनी आपलं काम केलं, आता देवाच्या हातात, असं घरचे समजतात. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे की हा समज चुकीचा आहे. त्या माणसाचं पुढचं आयुष्य कसं जाणार हे ऑपरेशननंतरच्या काही आठवड्यांत त्याला आणि घरच्यांना काय शिकवलं जातं यावर फार मोठ्या प्रमाणात ठरतं, आणि ते शिकवण्याची सोय जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, स्वतंत्र वॉर्ड म्हणून, असायला हवी.

याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक काही वर्षांच्या आत दगावले. ते मणका मोडल्याने मेले नाहीत. पाठीवर-कंबरेवर पडलेल्या जखमा आणि मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग यांनी त्यांना नेलं. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा सैनिकांसाठी वेगळा विभाग काढला. त्यांच्याकडे मज्जारज्जू जोडणारी कुठलीही विद्या नव्हती, ती आजही कुणाकडे नाही. त्यांनी रुग्णाला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलून द्यायला लावली, मूत्राशयाची काळजी शिस्तीत बसवली, आणि अंग सावरताच माणसाला उठवून बसवलं, खेळायला आणि काम करायला लावलं. माणसं जगू लागली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतले डॉ. जॅक लॅपिडीस यांनी आणखी एक साधी गोष्ट दाखवून दिली. कायमची नळी ठेवण्याऐवजी रुग्णाने दर चार-सहा तासांनी स्वतःच पातळ नळी घालून लघवी काढायची आणि नळी बाहेर घ्यायची. त्यासाठी ऑपरेशन थिएटरइतकी निर्जंतुकता लागत नाही, स्वच्छता पुरते. हात साबणाने धुवायचे, मुतण्याची जागा धुवायची, नळीला वंगण लावायचं, सावकाश आत सरकवायची, लघवी थांबली की हळूच काढायची. हात चालणाऱ्या माणसाला हे थोड्या सरावाने जमतं. मूत्राशय वेळेवर रिकामं झालं की मूत्रपिंडावरचा ताण कमी होतो, तापाचे फेरे कमी होतात, आणि पिशवी लटकवून चारचौघांत बसण्याची लाजही जाते. पण हे कुणीतरी शेजारी उभं राहून, न लाजता, पुन्हा पुन्हा करून दाखवावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ लिहून ते येत नाही.

जखमांचंही तसंच आहे. तुम्ही-आम्ही खुर्चीत बसल्या बसल्या नकळत हलतो, कारण बूड दुखायला लागतं. मज्जारज्जू तुटलेल्या माणसाला ते दुखणं कळत नाही. हाडाच्या टोकाखाली कातडी दबून रक्त थांबतं, आधी लालसर डाग पडतो, मग फोड येतो, आणि घरच्यांना वास येईपर्यंत माकडहाडाजवळ मूठ मावेल एवढा खड्डा झालेला असतो. उपाय काय, तर खुर्चीत असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं किंवा अंग पुढे झुकवायचं, रात्री कूस बदलायची, आणि रोज आरशात पाहून किंवा घरच्यांकडून पाठ, कुल्ले, टाचा तपासून घ्यायच्या. आपल्याकडे आणखी एक जपायचं असतं. एप्रिलच्या उन्हात तापलेला दगड, ट्रॅक्टरचं बॉनेट, मांड्यांमध्ये धरलेला चहाचा पेला, यांनी भाजलेलंसुद्धा कळत नाही. बांगलादेशातल्या एका अभ्यासात असं दिसलं की पुनर्वसन केंद्रातून घरी गेलेल्या, व्हीलचेअरवर अवलंबून असलेल्या रुग्णांपैकी जवळपास पाचातला एक दोन वर्षांच्या आत मरण पावला, आणि त्यांत जखमांतून पसरलेल्या संसर्गाचा वाटा मोठा होता. केंद्रात शिकून गेलेल्यांची ही गत असेल, तर काहीच न शिकता थेट बाजेवर गेलेल्यांचं काय होत असेल?

घरचे पहिल्या दिवसापासून एकच विचारतात, चालणार का? प्रश्न स्वाभाविक आहे, पण सगळी आशा त्या एकाच प्रश्नाला टांगली की नुकसान होतं. इजा कितव्या मणक्यापाशी आहे आणि पूर्ण आहे की अपुरी, यावर काय परत येऊ शकतं ते बरंचसं ठरतं. मानेच्या सहाव्या पातळीखाली इजा असेल तर मनगट वर उचलता येतं, आणि मनगट उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात. एवढ्या पकडीवर माणूस सरावाने चमचा, पेला धरू शकतो. सातव्या पातळीचे स्नायू शाबूत असतील तर कोपर ताठ होतं, आणि मग बाजेवरून खुर्चीत स्वतःला सरकवणं आवाक्यात येतं. छातीच्या किंवा कंबरेच्या पातळीवर इजा असलेला माणूस अंघोळ, कपडे, संडास, स्वयंपाक, दुकान, तीनचाकी गाडी हे सगळं स्वतः करू शकतो, पाय एक पाऊल न टाकताही. हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तो चालण्याची वाट पाहत पडून राहतो, दरम्यान सांधे आखडतात, आणि घरचे मालिशवाला, देवऋषी करत शेवटी स्टेम सेलच्या जाहिरातीपर्यंत पोचतात. मणक्याच्या इजेवर स्टेम सेल ही आपल्या देशात मान्यताप्राप्त उपचारपद्धत नाही. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिचा वापर फक्त संशोधनापुरता, परवानगी घेतलेल्या चाचणीत करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेणं योग्य नाही. शेताचा तुकडा विकून ती इंजेक्शनं घेण्यापेक्षा त्याच्या लहानशा भागात घरचा संडास बदलून होतो.

महाराष्ट्रात याचे दाखले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, कंबरेखालचं अंग गेलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय किशोरवयातच गेले. त्यांनी नोकरी केली, १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिलं. ही नावं घेतली की लोक म्हणतात, अशी जिद्द प्रत्येकात कुठून येणार? जिद्द होतीच, तिचं मोल कमी करायचं कारण नाही. पण पेटकरांच्या मागे लष्करी रुग्णालयांची व्यवस्था होती, आणि हुरजूक यांना स्वतः व्हीलचेअरवर असलेले बाबूकाका दिवाण भेटले. अपंग सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून खास केंद्र आहे. सैनिकाला जे व्यवस्था म्हणून मिळतं, ते ऊसतोड मजुराला नशिबाने मिळावं, ही मला या सगळ्यातली सर्वांत अन्यायाची बाब वाटते.

डोक्याला मार लागलेल्यांची अडचण वेगळी, आणि ती दिसत नाही म्हणून अधिक अवघड. टाके निघतात, माणूस चालतो-बोलतो, आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. मग लक्षात येतं की तो सांगितलेलं तासाभरात विसरतो, क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो, एक काम धड पुरं करत नाही, नाहीतर दिवसभर नुसता बसून राहतो. गावात बोललं जातं की वेड लागलं, बाहेरचं झालं, आळशी झाला. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की राग आवरणं, कामाचा क्रम लावणं, पुढाकार घेणं हेच बिघडतं. त्याच्या मनात असूनही ते होत नाही. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पण पुढे वर्षानुवर्षं होत राहू शकते, कारण सरावाने मेंदू नव्या वाटा जोडतो. त्याला दिवसाचं ठरलेलं वेळापत्रक लागतं, भिंतीवर लिहिलेली कामांची यादी, एका वेळी एकच सूचना, कलकलाटापासून दूर जागा. अपंगत्व प्रमाणपत्राच्या वेळी हात-पाय शाबूत असलेल्या या माणसाला आपली अडचण पटवून देणं जड जातं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण मेंदूची इजा हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार असा, की आपल्याकडे घरचं माणूस असतं. आई, बायको सगळं करतात. त्यांना चार गोष्टी सांगून घरी सोडलं तर वॉर्ड कशाला? हे तपासून पाहिलं गेलं आहे. पक्षाघाताच्या रुग्णांवर भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० जणांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम-सराव करून घ्यायला शिकवलं, बाकीच्यांना नेहमीची सेवा दिली. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांत फरक पडला नाही. काहीजण यावरून म्हणतील की मग सरावाचा उपयोगच नाही. मी त्याचा अर्थ असा लावत नाही. शिकाऊ घरच्यांवर कुशल माणसाचं काम टाकलं तर ते भागत नाही, एवढंच तो अभ्यास सांगतो. कुशल हातांखालचा सराव काय करू शकतो हे वेल्लोरमध्ये दिसतं. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. मेरी व्हर्गीस यांचा १९५४ मध्ये अपघात झाला, पाय गेले. त्यांनी परदेशात पुनर्वसनाचं शिक्षण घेतलं, परत येऊन व्हीलचेअरवर बसून तो विभाग चालवला, आणि १९६६ मध्ये तिथे रुग्णांना ठेवून शिकवणारी संस्था सुरू झाली. घरचं माणूस तिथेही हवंच असतं, पण शिकणारं म्हणून.

दुसरा आक्षेप पैशाचा. २०२२-२३ मध्ये सुरू झालेलं धाराशिवचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नवं आहे. आधी अतिदक्षता, बाळंतपण, डायलिसिस बघा, पुनर्वसनाला रुग्ण तरी किती? अग्रक्रमाचा मुद्दा खरा आहे आणि पुनर्वसनाचे तज्ज्ञ डॉक्टर राज्यात मोजके आहेत हेही खरं. पण रुग्ण कमी पडणार नाहीत, कारण मणका, डोकं, पक्षाघात, पाय कापलेले या सगळ्यांना लागणारा संघ बराचसा एकच असतो. फिजिओथेरपिस्ट, रोजची कामं शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक आणि कॅलिपर-बूट बनवणारा कारागीर एवढ्यांवर वीस खाटांचा वॉर्ड चालू शकतो; तज्ज्ञ डॉक्टर सुरुवातीला ठरल्या दिवशी बाहेरून येऊ शकतात. उलट जखम चिघळून पुन्हा पुन्हा दाखल होणारा रुग्ण महिनोन्‌महिने सर्जरीची खाट अडवतो, तो खर्च कुणी मोजत नाही. आणि घराचा हिशेब तर सरळ आहे. कळंब, वाशी, भूम, परंड्याकडून ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात, त्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा अंथरुणाला खिळला की बायकोही त्याच्यापाशी अडकते आणि पुरा कोयता बंद पडतो. मुकादमाची उचल तशीच राहते. तो स्वतःचं स्वतः करू लागला तर निदान ती कामावर जाऊ शकते.

पुण्या-मुंबईला केंद्रं आहेत की, असंही म्हटलं जातं. आहेत, मुंबईत हाजी अलीला तर १९५५ पासून सरकारी संस्था आहे. पण पुणं अडीचशे किलोमीटरवर आहे, सहा-आठ आठवडे तिथे राहणारा सोबती कुणाच्या रोजंदारीवर जगणार? शिवाय शिकायचं असतं ते आपल्या घरात जगायला. गुळगुळीत फरशीवर चालवलेली व्हीलचेअर पावसाळ्यातल्या काळ्या मातीत रुतते, उंबऱ्याला अडते. धाराशिवच्या वॉर्डात सराव उंबऱ्यावर, बाजेवर, बसक्या भांड्यावर ठेवलेल्या भोकाच्या खुर्चीवर, टँकरच्या पाण्याच्या हिशेबात करून घेता येईल. तुळजाभवानीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं. मागे कुणी, पुढे कुणी, खुर्ची कशी तिरपी धरायची हेही तिथे शिकवता येईल. मोठं काम या जिल्ह्याला नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मलबा उपसला म्हणून काम संपलं असं कुणी म्हटलं नाही. लातूर आणि या जिल्ह्यातली मिळून ५२ गावं दुसऱ्या जागी नव्याने वसवली गेली, त्याला वर्षं लागली आणि ती दिली गेली.

वॉर्ड होईपर्यंतही काही हातात आहे. मणक्याच्या रुग्णाला नळी, शौचाची ठरलेली वेळ, कूस, बूड उचलणं आणि बाजेवरून खुर्ची या गोष्टी करून दाखवल्याशिवाय कुठल्याही रुग्णालयाने घरी सोडू नये. दाखवणाऱ्याच्या सहीचा कागद डिस्चार्ज कार्डाला जोडावा. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना महिना २,५०० रुपये मिळतात, त्यासाठीचा अर्ज आणि यूडीआयडी कार्डाची नोंद रुग्ण खाटेवर असतानाच व्हावी, नंतर त्याला तहसीलला न्यायला गाडी करावी लागते. आणि ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ते किरकोळ वस्तू वाटण्यात न घालवता त्या माणसाच्या घरी दोन कामं करावीत. संडासाचं दार तीन फूट रुंद करून आत भिंतीला पक्का दांडा बसवावा, आणि ओट्याला उतार करावा. उताराचा नियम एकास बारा असा आहे, म्हणजे एक फूट उंच ओट्याला बारा फूट लांब उतार. गवंडी जागा वाचवायला चार फुटांत उरकतो, आणि तसल्या उतारावर खुर्ची एकट्याने चढत नाही.