खोडदच्या तबकड्या आणि आपली मुले

चाकण सोडून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर ओलांडले की नारायणगाव येते. तेथून खोडदकडे वळले की शेतांच्या मधोमध आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसतात. हीच ती जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी आम्ही विहारातील अभ्यासिकेची मुले घेऊन तेथे गेलो होतो. एका मुलीने विचारले, "काका, या तबकड्या रात्रंदिवस ऐकतात; पण ते सगळं वाचतं कोण?"

प्रश्न लाखमोलाचा होता. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या अशा 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. प्रत्येक तबकडीची जोडी दुसऱ्या प्रत्येकीशी लावली जाते. आम्ही कारकुनी हिशेब केला, तर जोड्या भरल्या 435! प्रत्येक जोडीची नोंद काही सेकंदांनी, अनेक कंपनसंख्यांवर होत राहते. त्यात विजेच्या तारा, मोबाईल आणि उपग्रह यांचा गोंगाट मिसळतो. शिवाय वातावरणाचा विद्युतभारित थर लहरींची वाट वाकवतो. धान्यातले खडे निवडावेत तसे हे निवडावे लागते. हाताने ते करायचे तर आयुष्ये पुरणार नाहीत.

2010 ते 2012 या काळात या दुर्बिणीने सुमारे 90 टक्के आकाशाची पाहणी केली. दोन हजारांहून अधिक तासांच्या नोंदी साठल्या. प्रारंभी त्यातील थोडाच भाग नकाशारूपाने बाहेर आला. पुढे डच खगोलशास्त्रज्ञ हुइब इंटेमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सर्व नोंदी संगणकाच्या आज्ञावलीतून नव्याने काढल्या. गोंगाट गाळणे, वातावरणाची चूक दुरुस्त करणे, नकाशा काढणे ही कामे एकामागून एक आपोआप झाली. 2016 साली सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोतांची यादी जगापुढे आली. तिच्यातूनच 2018 साली आयुष सक्सेना या भारतीय संशोधकाने व सहकाऱ्यांनी त्या वेळी सर्वांत दूरची मानली गेलेली रेडिओ दीर्घिका शोधली. तिचा प्रकाश सुमारे 1200 कोटी वर्षांपूर्वी निघालेला!

आज्ञावली म्हणजे तरी काय? महिनाअखेरीस चारशे कामगारांचे पगारपत्रक करताना आपण तीच रीत चारशे वेळा वापरतो. ती रीत संगणकाला कळेल अशा भाषेत एकदा लिहून ठेवली की झाले. मात्र रीत चुकली, तर चारशेही पगार चुकतात. म्हणून शास्त्रज्ञ यंत्राचे उत्तरही पडताळून पाहतात. केवळ ऐकीव आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. संगणक सांगतो म्हणूनही मानू नये, एवढीच त्यात आज भर घालावी लागेल.

आता दुसरी बाजू. पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत यंत्राचे हात वेल्डिंग करतात. यंत्र आले की माणूस कमी होतो, ही आपल्या वस्तीतील कंत्राटी कामगाराची भीती खोटी नाही. हातवह्या जाऊन संगणक आला, तेव्हा आम्ही कारकुनांनीही ती अनुभवली आहे. परंतु जी विद्या एकाचे काम काढून घेते, तीच दुसऱ्याला आकाश उघडून देते. आपली मुले त्या विद्येच्या कोणत्या बाजूला उभी राहणार, हा खरा प्रश्न आहे. एकेकाळी अक्षर आपल्यापासून दूर ठेवले गेले. आज ही नवी बाराखडी आपणच दूर ठेवणार काय?

यासाठी फार पैसा लागत नाही. इंटेमा यांची आज्ञावली ज्या पायथन भाषेत आहे, ती 1991 पासून सर्वांना फुकट उपलब्ध आहे. जीएमआरटीच्या जुन्या नोंदीही ठरावीक मुदतीनंतर अभ्यासासाठी खुल्या होतात. प्रत्येक विहारात एक वापरलेला संगणक, रविवारी वंदनेनंतर दोन तास आणि शिकवणारा एक तरुण, एवढे जमले तरी आरंभ होईल. जयंतीच्या वर्गणीतून एक वाटा यासाठी काढता येणार नाही का?

त्या मुलीला आम्ही परतताना उत्तर दिले, "बाळ, ते वाचणारी माणसे शिकून तयार होतात." तिने लगेच विचारले, "मग मला कोण शिकवणार?" याचे उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे. जयभीम!