रोयणीची अळमी

आषाढाच्या सरी स्थिरावल्या, की डिचोलीच्या बाजारात पानांत बांधलेले अळम्यांचे वाटे दिसू लागतात. श्रावणातल्या शिवराक जेवणात अळम्यांच्या तोंडाकाला केवढा मान आहे, हे गोमंतकीयांना सांगायला नको. पण मी मात्र या वाट्यांकडे केवळ खवय्याच्या नजरेने पाहू शकत नाही. त्याला कारण घडली ती पूर्वीच्या एका पावसाळ्यातली रात्र.

नोकरीनिमित्त परगावाहून आलेले चौघांचे कुटुंब उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन दवाखान्यात आले. अंगणातल्या हिरवळीवर उगवलेल्या पांढऱ्या छत्र्या त्यांनी रांधून खाल्ल्या होत्या. बाजारातल्यासारख्याच दिसत होत्या. शिवाय भाजीत टाकलेले चांदीचे नाणेही काळे पडले नव्हते! मी सलाईन लावले, पहाटेपर्यंत उतार पडला आणि त्यांना घरी पाठवले. खाल्ल्यानंतर किती तासांनी त्रास सुरू झाला, हे विचारायचे मात्र राहून गेले. उरलेली भूछत्रेही मी मागवून घेतली नाहीत. पुढे विपरीत काही घडले नाही, हे त्यांचे दैव. त्यात माझे कसब नव्हते.

अळंबीच्या विषबाधेत घड्याळ फार बोलते. एक-दोन तासांत सुरू झालेल्या उलट्या बहुधा पोटापुरत्याच राहतात. सहा तासांनंतर, कित्येकदा बारा तासांनी, त्रास सुरू झाला तर अमॅटॉक्सिनचा संशय घ्यावा. हे विष शिजवून जात नाही आणि नाण्यालाही कळत नाही. दुसऱ्या दिवशी रुग्णाला बरे वाटते आणि नेमक्या त्याच वेळी आत यकृताच्या पेशी मरत असतात. दोन प्रकारची भूछत्रे एकत्र खाल्ली असतील, तर लवकर सुरू झालेल्या उलट्याही आपल्याला फसवतात. म्हणून बरे वाटले तरी रुग्णाला लगेच घरी न पाठवता यकृताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्यात.

त्या प्रसंगानंतर बाजारातल्या एका वृद्ध विक्रेतीला मी विचारले, "आजी, खायची अळमी ओळखायची कशी?" ती हसून म्हणाली, "दोतोर, अळमी नव्हे, जागा ओळखायची. रोयण असेल तिथलीच काढायची."

या उत्तरातले शास्त्र मला पुढे वाचनातून कळले. ही अळमी टर्मिटोमायसिस या प्रजातीची. वाळवीला लाकूड, पालापाचोळा नीट पचवता येत नाही. ती तो गिळून रोयणीच्या पोटात नेते, त्याचे पोळे रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी लाकडातील लिग्निन विघटित करते आणि वाळवीला अन्न मिळते. आपल्या आतड्यातील जीवाणूंचे काम वाळवीने असे जणू शरीराबाहेर उभारले आहे. हा संसार सुमारे तीन कोटी वर्षांचा आहे. पावसात त्या पोळ्यापासून लांब मुळासारखा देठ वर चढतो आणि अणकुचीदार टोकाने माती भेदून छत्री उघडते. आजीची खूण होती ती हीच. जाणत्या हाताला हा देठ थेट रोयणीपर्यंत नेतो.

उमललेली छत्री दोन-तीन दिवसांत किडते, काळवंडते, कुजते. ती वाया गेली असे वाटते. पण तेवढ्यात तिचे बीजाणू रानभर पसरलेले असतात आणि नव्या वारुळातील वाळवी त्यांतूनच आपली बुरशी पेरते. बाजाराला मात्र मिटलेल्या कळ्या हव्या असतात आणि त्या बीजाणू सुटण्यापूर्वीच खुडल्या जातात. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळम्यांवर दीर्घकाळ संशोधन केले आणि त्यांच्या संवर्धनाचा आग्रह धरला, तो याचसाठी.

पेडणे, डिचोली, सत्तरीतील कित्येक देवळांत सातेरी वारुळाच्या रूपात पूजिली जाते. पूर्वजांनी रोयणीला हात लावू नये म्हटले, त्यात श्रद्धेबरोबर शहाणपणही होते. डिचोलीच्या डोंगरांनी खाणींची यंत्रे पाहिली. पेडण्यातील मोपाच्या पठारावर 2022 साली विमानतळाचे उद्घाटन झाले. विकास हवाच, पण रोयण उखडली की तिच्यासोबत अळमी जातात आणि ती जागा ओळखणारी नजरही जाते. ती नजर गेली, की लोक केवळ रूप पाहून छत्र्या खुडू लागतात आणि मग दवाखान्याचे दार वाजते.

आता पावसाळ्यात असा रुग्ण आला, की मी प्रथम विचारतो: केव्हा खाल्ली? आणि लगेच दुसरा प्रश्न: कुठे उगवली होती?