भिंतीवरच्या त्या काळ्या डागाचं काय करायचं?

जुलै संपत आला की होस्टेलच्या रूमवर एक ठरावीक सीन असतो. कपाटातून जीन्स काढावी तर कुबट वास, चामड्याच्या बेल्टवर पांढरट-हिरवी पावडर आणि पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके. मग रूममध्ये दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘हा ब्लॅक मोल्ड आहे, फुप्फुसं जाणार.’ दुसरा म्हणतो, ‘आमच्या गावच्या घरात दर पावसाळ्यात असते बुरशी, कुणाला काय झालंय?’

हाच वाद शास्त्रज्ञांमध्ये आणि कोर्टातही गाजलाय. सुरुवात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधून. १९९३-९४ मध्ये तिथे काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. त्यांच्या घरांत पाणी मुरलेलं होतं आणि तिथे ‘स्टॅकीबॉट्रिस’ ही काळी बुरशी सापडली. ‘विषारी बुरशी’ हा शब्द टीव्हीवर पोहोचला, विमा कंपन्यांवर दावे लागले. पण २००० साली ‘सीडीसी’ने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, आपलाच तपास पुन्हा तपासला आणि हा संबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं.

म्हणजे दुसरा पक्ष जिंकला? तेवढंही सोपं नाही. २००४ मध्ये अमेरिकेच्याच ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने सगळे पुरावे चाळले. खोकला, छातीत घरघर, नाक-घशाचा त्रास आणि मुळात दमा असलेल्यांचा वाढणारा दमा यांचा ओल आणि बुरशीशी संबंध आहे, असं त्यात निघालं. थकवा किंवा मेंदूवरच्या परिणामांसाठी मात्र पुरावा अपुरा ठरला. रील्समध्ये नेमका हाच अपुरा भाग सगळ्यात मोठ्या आवाजात सांगितला जातो!

(आणि हो, २०२१ च्या कोव्हिड लाटेत आपण ज्याला ‘ब्लॅक फंगस’ म्हणत होतो तो म्युकरमायकोसिस. भिंतीवरच्या काळ्या बुरशीचा आणि त्याचा गोंधळ नको.)

पण पुराव्याची चर्चा चालू असताना माणसं त्याच खोलीत श्वास घेत असतात. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या अवाब इशाकचं तसंच झालं. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून घरातल्या बुरशीची तक्रार केली होती. ‘वरून रंग मारा’ असं त्यांना सांगितलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये अवाब गेला, वय दोन वर्षं. दीर्घकाळ बुरशीच्या संपर्कात राहिल्याने झालेल्या श्वसनविकाराने हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने २०२२ मध्ये दिला. त्यानंतर ‘अवाबज् लॉ’ आला. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सोशल हाउसिंगमध्ये गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली की घरमालकाने दहा कामकाजी दिवसांत तपासणी करायची. धोका दिसला तर पुढच्या पाच कामकाजी दिवसांत घर सुरक्षित करायचं. जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत.

आपल्याकडे रेक्टर किंवा पीजीवाल्या काकूंचं उत्तर ठरलेलं: ‘दिवाळीत रंग काढू.’ रंगाने डाग झाकतो, ओल तशीच राहते. पाणी येतंय कुठून, गच्चीतून, गळक्या पाइपातून की शेजारच्या बाथरूममधून, ते आधी शोधायला लावा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ओले टॉवेल रूममध्ये वाळत घालू नका आणि डाग कोरडे खरवडू नका, त्याने बीजाणू हवेत उडतात. रूममेटला दमा असेल, तर त्याचा पलंग आजच त्या भिंतीपासून हलवा. आणि तक्रार तोंडी नको. तारखेसकट फोटो काढून लेखी द्या.