लहान जातीच्या पिल्लास काय खावयास द्यावे?

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर पूर्वापार जे कुत्रे शेताची, वाडीची आणि होडीवरील जाळ्यांची राखण करीत आले ते गावठी जातीचे. उरलासुरला भात, भाकरीचा तुकडा आणि मासळी निवडताना फेकलेली डोकी एवढ्यावर ते वाढले. परंतु अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या तालुक्यांतील घरांतून आता पॉमेरेनियन, पग, डॅशहाउंड अशा लहान जातींची पिल्लेही ठिकठिकाणी दृष्टीस पडतात. मुंबईस नोकरी करणारा मुलगा किंवा भाऊ भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास उतरतो तेव्हा त्याच्या हाती एक करंडी असते, आणि करंडीत दीड-दोन महिन्यांचे पिल्लू. घरात आनंदीआनंद होतो. लेकरे त्याला वाटीभर दूध पाजतात, आजी दुधात भात कुसकरून देते. आठ दिवसांत पिल्लाला ढाळ लागते, पोट नगाऱ्यासारखे दिसू लागते, आणि मग गावच्या कार्यकर्त्यास विचारणा होते की काय झाले.

भात, नारळ-सुपारी आणि दुभती जनावरे यांची चिंता वाहणाऱ्या पत्रकात कुत्र्याच्या पिल्लास जागा कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु हौसेने आणलेले पिल्लू चुकीच्या आहाराने दगावते तेव्हा घरातील मुलांच्या मनावर होणारा आघात मोठा असतो, आणि हा अपमृत्यू बहुधा टाळण्याजोगा असतो. शिवाय जी चूक यात होते ती अज्ञानाची असून कंजूषपणाची नव्हे. म्हणून ती समजावून सांगितल्यास लोक ऐकतात.

चूक कोणती, ते थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. दोन महिन्यांचे, दीड किलो वजनाचे एक पिल्लू घ्या. त्या वयात त्यास दिवसाकाठी सुमारे २८५ उष्मांक लागतात. वजनाच्या मानाने पाहता मोठ्या कुत्र्याच्या गरजेपेक्षा हे प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे, कारण पिल्लास केवळ जगावयाचे नसून वाढावयाचे असते. एवढे उष्मांक नुसत्या शिजलेल्या भातातून द्यावयाचे म्हटले तर २२० ग्रॅम भात लागेल. म्हणजे पिल्लाच्या स्वतःच्या वजनाचा सातवा हिस्सा. साठ किलो वजनाच्या माणसाने दिवसाला आठ-नऊ किलो भात खाण्यासारखेच हे झाले! आणि इतके करूनही त्या भातातून मिळणारी प्रथिने सहा ग्रॅमच. वाढत्या पिल्लास ती किमान सोळा ग्रॅम हवी असतात. पोट तडीस लागेपर्यंत भरले, तरी अंगी लागले नाही, अशी ही गत आहे. पातळ पेज किंवा पाणी घातलेले वरण दिल्यास हिशेब आणखी बिघडतो.

यावरून लहान पिल्लाच्या अन्नाची पारख कशी करावी ते कळते. त्याचे पोट मूठभर असते. म्हणून त्यात जाणारा प्रत्येक घास दाट व कसदार असला पाहिजे, आणि त्यात मांसवर्गीय प्रथिने, स्निग्धांश व चुना यांचे प्रमाण नीट हवे.

आता दुधासंबंधी. 'पिल्लू म्हणजे दूध' हा समज इतका रुजलेला आहे की तो खोडून काढणे हे कार्यकर्त्याचे सर्वांत कठीण काम ठरेल. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश सुमारे नऊ टक्के व प्रथिने सात-आठ टक्के असतात, तर दुग्धशर्करा चार टक्क्यांहून कमी. गायीच्या दुधात स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास, प्रथिने तीन-सव्वातीन टक्के आणि दुग्धशर्करा मात्र पावणेपाच टक्के. म्हणजे कस निम्म्याहून कमी आणि जुलाब करणारी शर्करा अधिक. आईचे दूध सुटल्यावर ती शर्करा पचविण्याची शक्तीही पिल्लाच्या आतड्यांत कमी होत जाते. चमचा-दोन चमचे दही चालते. वाटीभर दूध नको. आईवेगळे झालेले, अद्याप डोळेही न उघडलेले पिल्लू हाती आले तर ते वेगळे प्रकरण आहे. त्यास पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटीच द्यावी लागते आणि पशुवैद्यकांचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा लागतो. एरवी आठ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पिल्लू आईपासून तोडून आणूच नये.

मग घरचे अन्न मुळीच देऊ नये काय? तसे नाही. आपल्या किनाऱ्यावर मासळी आहे, परसात कोंबडी आहे, आणि हे फार मोठे भाग्य आहे. वर सांगितलेल्या दीड किलोच्या पिल्लासाठी दिवसाचे माप असे धरता येईल: मऊ शिजवलेला भात ८० ग्रॅम, एक उकडलेले अंडे, काटे काढलेली उकडलेली मासळी किंवा कोंबडीचे मांस ५० ग्रॅम आणि एक चहाचा चमचा खाद्यतेल. यातून जवळजवळ तेवढेच २८५ उष्मांक मिळतात, परंतु प्रथिने सहा ग्रॅमऐवजी अठराच्या घरात जातात. यात एक उणीव राहते ती चुन्याची. मांस व मासळीच्या मांसल भागात स्फुरद पुष्कळ आणि चुना अत्यल्प असतो. केवळ असे अन्न खाणाऱ्या पिल्लाची हाडे मऊ राहतात, पाय वाकतात आणि खाटेवरून उडी मारताच हाड मोडते. यासाठी अंड्याची टरफले उकळून, वाळवून, अगदी पिठासारखी वाटावीत व त्यांची सपाट अर्धा चहाचमचा पूड दिवसाच्या अन्नात मिसळावी. तिच्यातून सुमारे एक ग्रॅम चुना मिळतो. त्याहून अधिक घालू नये. नाचणीत चुना चांगला असतो हे खरे, पण तेवढ्याने पिल्लाची गरज भागत नाही.

हे मिश्रण काही दिवसांची सोय म्हणून उत्तम आहे. महिनोन्महिने तेच चालवावयाचे असेल तर जस्त, तांबे, आयोडीन व जीवनसत्त्वे यांची तूट भरून काढणारी पूरक भुकटी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घेतली पाहिजे. घरच्या अन्नाबद्दलचा फाजील विश्वास येथे नडतो.

मासळीविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. ती नेहमी शिजवूनच द्यावी, कारण काही जातींच्या कच्च्या मासळीत 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते व ते शिजविल्याने निकामी होते. बांगडा उकडला की त्याचा मधला काटा सहज निघतो, म्हणून तो सोयीचा. ओला बोंबील स्वस्त असतो खरा, पण त्यात पाण्याचाच अंश फार. तो भरपूर दिल्याचे समाधान आपल्याला, पोषण पिल्लाला नाही. १ जूनपासून सुमारे दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा घरोघरी सुक्या मासळीवर भिस्त असते. वलांडीवर बिनमिठाचा वाळविलेला बोंबील भिजवून, धुऊन व शिजवून पिल्लास देण्यास हरकत नाही. सुकट, जवळा यांतील वाळू मात्र तीन-चार पाण्यांनी काढावी. खारवलेला बांगडा अथवा खारवलेली कोणतीही मासळी पिल्लास देऊ नये. एवढ्याशा देहाला ते मीठ झेपत नाही. जाळ्यात येणारा, पोट फुगविणारा केंड मासा विषारी असतो. तो किनाऱ्यावर टाकून देताना पिल्लू जवळपास नाही ना, हे पाहावे.

भौगोलिक मानांकन लाभलेला अलिबागचा पांढरा कांदा गोड म्हणून प्रसिद्ध आहे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र त्याची गोडी कामाची नाही. कांदा पांढरा असो की लाल, कच्चा असो की शिजलेला, त्यातील द्रव्यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदासुद्धा अपाय करू शकतो; दीड किलोच्या पिल्लाला याचा अर्थ साडेसात ग्रॅम, म्हणजे एक लहानशी फोड. लसूण त्याच वर्गातील. म्हणून आमटीचा अथवा कालवणाचा रस्सा भातावर ओतून देण्याची चाल सोडावी. पिल्लाचा वाटा फोडणीपूर्वीच वेगळा काढावा. द्राक्षे, मनुका व चॉकलेट हीदेखील वर्ज्य. शिजविलेल्या कोंबडीची हाडे फुटून टोकदार होतात, ती देऊ नयेत.

बाजारात पिशवीबंद तयार अन्न मिळते. त्याबद्दल ग्रामीण भागात दोन टोकांची मते आढळतात. कोणी त्यास श्रीमंतांचे थेर म्हणतो, तर कोणी पिशवीवरील चित्र पाहूनच ती उचलतो. दोन्ही बरोबर नाहीत. चित्र सोडून मागील बाजूचा बारीक मजकूर वाचावा. त्यावर अन्न 'पूर्ण व संतुलित' असल्याचे आणि ते 'पपी' अथवा 'ग्रोथ' म्हणजे वाढीच्या वयासाठी असल्याचे लिहिलेले असावे. मोठ्या कुत्र्याचे अन्न पिल्लास पुरत नाही. अमेरिकेत प्रचलित असलेल्या मानकाप्रमाणे वाढीच्या वयाच्या अन्नात, पाण्याचा अंश वगळून, किमान साडेबावीस टक्के प्रथिने, साडेआठ टक्के स्निग्धांश व एक पूर्णांक दोन दशांश टक्के चुना हवा. डब्यातील ओल्या अन्नावर 'प्रथिने ८ टक्के' व कोरड्यावर '२६ टक्के' असे वाचून कोणी गोंधळेल. पण ओल्या अन्नात ऐंशी टक्के पाणी असते. ते वजा केल्यास त्यातील प्रथिने चाळीस टक्के भरतात, आणि दहा टक्के पाणी असलेल्या कोरड्या अन्नातील एकोणतीस. 'धान्यविरहित' या शब्दाला भुलू नये. अशा काही अन्नांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे किंवा कसे, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली जाहीर केली होती. आणि नीट शिजलेला तांदूळ पिल्लास पचतो.

दाणा लहान असावा. दुधाचे दात अठ्ठावीसच, तेही बारीक. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे दाणे कोमट पाण्यात भिजवून द्यावेत. दर शंभर ग्रॅमला ३८० उष्मांक असलेले अन्न आपल्या पिल्लास दिवसाला ७५ ग्रॅम पुरते. किलोस तीनशे रुपये भाव धरला तरी हा खर्च साडेबावीस रुपये होतो. लहान जातीचे कुत्रे पाळण्यात काटकसर आहे ती येथेच. शुद्ध शाकाहारी घरांनी तर वरण-भातावर पिल्लू वाढविण्याचा हट्ट न धरता असे तयार अन्न आणावे हे उत्तम.

पिल्लाचे अन्न बदलताना जुने व नवे मिसळून सात ते दहा दिवसांत पालट करावा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व पुढे दोन वेळा खाणे द्यावे. हे वेळापत्रक सोयीसाठी नाही. अगदी लहान देहात साखरेचा साठा थोडा असतो. पाच-सहा तास उपास घडला, थंडी वाजली किंवा जुलाब झाले की रक्तातील साखर घसरते. पिल्लू सुस्त होते, लटपटते, थरथरते, कधी झटके येतात, आणि काही तासांत सारे संपू शकते. अशा वेळी गुळाचे दाट पाणी किंवा मध बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळावे, घशात ओतू नये, उबेत गुंडाळावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. शेतावर लावणीसाठी सारे घर बाहेर जाते त्या दिवसांत दुपारच्या खाण्याची व्यवस्था कोणाकडे तरी सोपवावी.

चांगले अन्न देऊनही पिल्लू वाढत नसेल तर पोटातील जंत हे कारण प्रथम पाहावे. जंताचे औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा देतात. मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्यकांनीच सांगावी. हे जंत मुलांनाही बाधतात, म्हणून पिल्लाशी खेळल्यावर हात धुण्याची सवय त्यांना लावावी. प्रतिबंधक लशी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून व पिसाळरोगाची लस तीन महिन्यांनंतर टोचून घ्यावी. आहार कितीही उत्तम असला तरी तो लशीचे काम करीत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडील दमट हवेने पिशवीतील अन्नास कुबट वास येतो, भाकरीवर बुरशी धरते. बुरशीतून उत्पन्न होणारे विष यकृत नासविते. २००५ साली अमेरिकेत अशा दूषित मक्यापासून बनलेल्या अन्नामुळे अनेक कुत्री दगावली होती. म्हणून दुकानातील उघड्या पोत्यातील सुटे अन्न घेऊ नये. महिन्याभरात संपेल एवढीच लहान पिशवी, तारीख पाहून, विकत घ्यावी आणि ती पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून व भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावी. दर आठवड्यास पिल्लाचे वजन वाण्याच्या काट्यावर करून वहीत टिपावे व त्याप्रमाणे माप वाढवावे. बोटांनी चाचपल्यास फासळ्या लागाव्यात, पण लांबून दिसू नयेत. दहा ते बारा महिन्यांत लहान जातीची वाढ पुरी होते. तेव्हा त्यास मोठ्या कुत्र्याच्या अन्नावर आणावे.